चौथी गोधडी

धाकटी म्हणायचं ते आपलं नावाला. बाई साठीला टेकली होती, जिना चढताना गुडघे कुरकुरायचे, आणि इस्पितळाच्या तळघरात चादरी दुरुस्त करता करता तिची उभी हयात गेली होती. पण घरात दोघीच बहिणी, त्यामुळे एक थोरली आणि एक धाकटी, हे ठरूनच गेलेलं. थोरली गेली तरी हिचं धाकटेपण काही सुटलं नाही.

तळघरात मात्र तिला सगळे सरळरेघ म्हणायचे. हे नाव इस्त्रीवाल्यानं ठेवलेलं. तो दिवसभर वाफेत उभा असायचा आणि तोंडाचा पट्टा कायम चालू. "हिनं शिवलेल्या चादरीवर वाकडं झोपून दाखवा, बक्षीस देतो," असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा. धाकटी वरवर नाक मुरडायची, पण आतून तिला ते आवडायचं. दुसरं कुठलं कौतुक तिच्या वाट्याला आलं होतं म्हणा.

तळघराचे दोन नियम होते आणि ते तिच्या हाडीमाशी खिळलेले. एक, दुसऱ्याच्या वाकड्या टाक्यावर आपला टाका चढवायचा नाही. आधी धड कापड लागेपर्यंत सगळं उसवायचं, मग शिवायचं. आणि दोन, वर गाठ ठेवायची नाही. महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या पाठीखाली मोहरीएवढी गाठ आली तरी कातडी सोलवटते. नवी असताना तिची एक गाठ राहून गेली होती, तेव्हा मोठ्या नर्सबाई तिला हाताला धरून वर घेऊन गेल्या आणि एका म्हाताऱ्याची पाठ दाखवली. एक शब्द बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून कापडावरून बोट फिरवताना गाठ लागली की धाकटीच्या अंगावर काटा यायचा.

थोरली याच्या अगदी उलट. एक तर डावखुरी, त्यामुळे तिचा टाका उलट्या अंगाला कलायचा. त्यात घाई. लहानपणी आई दोघींना परकराची कड शिवायला द्यायची. थोरली आपली कड कशीबशी ओढून खेळायला पसार व्हायची, आणि आई ओरडू नये म्हणून धाकटी ती गुपचूप उसवून सरळ शिवून ठेवायची. थोरली परत आली की कड बघायची, हसायची, म्हणायची, "सुधारलंस गं बाई मला." हे इतक्या वेळा झालं की धाकटीच्या लेखी बहिणीचा टाका उसवणं म्हणजे मायाच होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं रामायण त्यातून घडलं.

थोरली फुप्फुसांच्या आजारानं गेली. वर्षभर घरातच होती, शेवटी शेवटी हातही थरथरायचे. मागे एकच लेक. लहानपणापासून अंगानं एवढीशी आणि सदा काहीतरी उचलून नेणारी, म्हणून तिला मुंगी म्हणायचे. मुंगी दूरच्या शहरात बस डेपोत गाड्यांची वेळापत्रकं लावायची नोकरी करत होती. वडील तिच्या शाळकरी वयातच वारलेले. म्हणजे मुंगीला आता मावशी आणि मावशीला मुंगी, एवढंच गणगोत उरलं.

आणि त्या गणगोतातही वितुष्ट येऊ घातलं होतं. सगळं उरकल्यावर थोरलीच्या खोलीत दोघीच उरल्या, तेव्हा मुंगीनं खिडकीबाहेर बघत विचारलं, "मावशी, शेवटचे चार महिने तू एकदाही आली नाहीस. चार थांब्यांवर तर राहतेस. का गं?"

"कामाचा रगाडा होता," धाकटी म्हणाली. "दोघीजणी रजेवर, सगळं माझ्या एकटीच्या गळ्यात."

मुंगीनं मान हलवली, पण पटल्यासारखी नाही. मग तिनं पलंगाखालची पत्र्याची पेटी ओढली. आत चार अर्धवट गोधड्या. थोरलीला सुरू करायची हौस दांडगी, संपवायच्या नावानं बोंब. पहिलीत मुंगीचे पिवळे झबल्या-फ्रॉकचे तुकडे, दुसरीत तिच्या शाळेचा निळा गणवेश, तिसरीत थोरलीचीच जुनी फुलाफुलांची लुगडी. आणि चौथी मुंगीच्या वडिलांच्या तपकिरी विजारींची. ती आजारपणात सुरू केलेली.

"खोलीची किल्ली पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी परत द्यायची आहे," मुंगी म्हणाली. "बाकीचं सामान कुणाला द्यायचं ते देऊन टाक. मला या चार गोधड्या तेवढ्या हव्यात."

"अशा अर्धवट कशा नेशील? मी पुऱ्या करून देते," धाकटी म्हणाली. घाईघाईनंच म्हणाली, कारण पोरीच्या मनात परत जागा मिळवायची ही एवढीच वाट तिला दिसली. मुंगी जरा थांबली, मग म्हणाली, "बरं." त्या 'बरं'वर धाकटीनं केवढा डोलारा उभा केला.

आता ते चार महिने. कामाचा रगाडा वगैरे सगळी थाप होती. तळघरातल्या कपडेखात्याचं, म्हणजे धुलाईचं, बॉयलर बंद पडल्यामुळे एक दिवस सगळ्यांना सुट्टी मिळाली होती, तेव्हा धाकटी बहिणीकडे गेली होती. थोरली उशांना टेकून बसलेली, मांडीवर तपकिरी गोधडी. कडेपासून चौकोनी फेऱ्या घेत मध्याकडे निघालेली, पण फेरी कसली, नुसती गोगलगाय फिरून गेल्यासारखी वेडीवाकडी. आणि जागोजागी वर गाठी. मधेच एक, दोनतीन विती गेलं की आणखी एक. धाकटीनं बोट फिरवलं आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. त्यात बहिणीचा श्वास भात्यासारखा वाजत होता, ते बघवत नव्हतं, आणि बघवत नाही हे सांगायची तिला कधी सवयच नव्हती. राग तेवढा चटकन यायचा. "ताई, सोड आता हे," ती म्हणाली. "तुझ्या हातचं आता कुणी पांघरणार नाही."

थोरलीनं गोधडीची घडी केली. नीट, चार पदरी. मग उशीखाली ठेवली आणि म्हणाली, "चहा घेऊन जा." धाकटीनं चहा घेतला नाही. पुढच्या सुट्टीला तिला लाज वाटली म्हणून ती गेली नाही, त्याच्या पुढच्या सुट्टीला गेली नव्हती म्हणून आणखी लाज वाटली. असे चार महिने गेले, आणि मग थोरलीच गेली.

म्हणून धाकटी त्या गोधड्यांच्या मागे हात धुऊन लागली. सकाळी कामावर, संध्याकाळी खिडकीशी, रविवारी दिवसभर. आणि तिनं काय केलं, तर जे आयुष्यभर केलं तेच. ब्लेडचा अर्धा तुकडा घेतला आणि थोरलीचा टाका अन् टाका उसवला. धड कापड लागेपर्यंत. दोरे ओढून काढले, गाठी कापल्या, सगळं कागदाच्या पिशवीत भरलं आणि पिशवी कामावर नेऊन चिंध्यांबरोबर भट्टीत टाकली. मग आपल्या हातानं शिवायला बसली. धावदोरा असा की तांदळाचे दाणे ओळीत मांडावेत. बाईला कुणी सांगितलं होतं एवढी हुशारी पाजळायला? कुणीच नाही. पण बहिणीची लाज राखायची, पोरीला आईचं काहीतरी देखणं द्यायचं, हेच तिच्या मनात होतं. उसवताना ती कधीकधी मोठ्यानं बोलायची सुद्धा. "सुधारते हं तुला," म्हणायची.

पहिल्या तीन गोधड्या तिनं कपडेखात्यात गरम पाण्यातून काढल्या. इस्त्रीवाल्यानं त्यांच्यावर वाफ मारली आणि हात फिरवून बघितला. "दुकानात ठेव," तो म्हणाला. "बहिणीच्या म्हणून कुणी ओळखणार नाही." तो कौतुकच करत होता. धाकटीनंही ते कौतुक म्हणूनच घेतलं.

चौथीनं मात्र घाम काढला. गाठी किती म्हणून कापाव्यात? दोनशेच्या वर होत्या. शेवटची तर भलत्याच ठिकाणी, तपकिरी तुकड्याच्या ऐन मध्यात, आणि तिच्या अलीकडची गाठ फक्त अर्ध्या बोटावर. "ही काय जागा आहे गाठ मारायची," असं पुटपुटत धाकटीनं तीही उडवली. शनिवारी संध्याकाळी शेवटचा टाका पडला. धुवायला वेळ राहिला नाही, पण चारही झाल्या होत्या. थोरलीनं वीस वर्षं लोळत ठेवलेलं काम सहा आठवड्यांत हातावेगळं झालं होतं. धाकटीला त्या रात्री शांत झोप लागली.

रविवारी सकाळी मुंगी धाकटीच्या घरी आली. धाकटीनं पलंगावर चारही गोधड्या अंथरून ठेवल्या होत्या. मुंगीनं पाहिलं, आणि तिचा चेहरा क्षणभर खुलला, हे धाकटीनं नक्की पाहिलं. मग पोरीनं चप्पल काढून, पलंगाच्या कडेला बसून, पिवळ्या गोधडीवरून हात फिरवला. मग निळीवरून. फुलाफुलांची उलटी करून बघितली. तपकिरी तिनं मांडीवर घेतली आणि बोटाच्या टोकानं फेरीफेरीनं चाचपत गेली, अगदी हळू, डोळे मिटून. मध्यापर्यंत गेली आणि पुन्हा कडेपासून सुरू केलं.

"मावशी, यातलं आईनं शिवलेलं कुठलं?"

"सगळं आता एकसारखं आहे," धाकटी म्हणाली. अजून तिच्या आवाजात अभिमान होता. "फार वाकडं होतं गं. मी उसवून परत घातलं."

"सगळं?"

"सगळं."

"आणि गाठी?"

"गाठी ठेवून कसं चालेल? टोचतात अंगाला."

 मुंगी बोलली तेव्हा तिनं आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं. "तिला धाप लागायची, म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज जमेल तेवढंच करा. ती रोज थोडं शिवायची, आणि जिथे थांबेल तिथे गाठ मारायची. सहा वाजता मला फोन करायची. आज सात विती. आज पाच. दुसरं काही बोलायचा दम नसायचा तिच्यात. मी डेपोतल्या कॅलेंडरवर लिहून ठेवायचे. शेवटच्या दिवशी अर्धं बोट म्हणाली. हसली, म्हणाली, अर्धं तर अर्धं, गाठ मारली. मला ती गाठ हवी होती. एक गाठ म्हणजे एक दिवस होता तिचा."

शेवटची गाठ कुठे होती ते धाकटीला बरोब्बर माहीत होतं. तिनं उठून, न विचारता, मुंगीचं बोट धरलं आणि तपकिरी तुकड्याच्या मध्यावर ठेवलं. तिथे तिच्या स्वतःच्या हातचे एकाला एक लागून बारीक टाके होते. मुंगीनं बोट काढून घेतलं.

"उसवलेला दोरा तरी?"

"भट्टीत," धाकटी म्हणाली.

मुंगीनं तीन गोधड्यांची घडी केली आणि पिशवीत भरल्या. चौथी उचलली, पण पिशवीत घातली नाही. पलंगावर ठेवली. "ही तूच ठेव," ती म्हणाली. "ही तुझीच आहे." मग चप्पल घातली आणि जिना उतरून गेली. धाकटी दारात उभी होती. मुंगीनं वळून बघितलं नाही.

दुपार झाली. धाकटी जेवली नाही, दार लावलं नाही. तपकिरी गोधडी मांडीवर घेऊन ती खिडकीशी बसून राहिली. आपण बहिणीला दोनदा मारलं, एकदा तोंडानं आणि एकदा ब्लेडनं, असं तिच्या मनात आलं आणि मग दुसरं काही येईचना. रडूही आलं नाही. खिडकीतून ऊन तिरपं आत आलं आणि गोधडीवर पडलं.

तेव्हा तिला ती भोकं दिसली.

सुती कापड गरम पाण्यातून निघालं की सुईची भोकं मिटून जातात. पहिल्या तिन्हींची केव्हाच मिटली होती. पण चौथी धुतली नव्हती, आणि विजारीचं कापड जाडजूड. तिच्या सरळ ओळींच्या मधून, वरून, खालून, थोरलीच्या सुईची भोकं वेडीवाकडी चालली होती. आणि दर थोड्या अंतरावर एक भोक मोठं होतं. थोरली थांबायची तिथे गाठ पक्की व्हावी म्हणून एकाच जागी दोनदा सुई घालायची. म्हणजे गाठी गेल्या तरी गाठींच्या जागा होत्या.

धाकटीनं खडू घेतला. अंधार पडेपर्यंत ती कडेपासून मध्याकडे एकेका मोठ्या भोकावर खूण करत गेली. दोनशे अकरा खुणा झाल्या. सुरुवातीला दोन खुणांमध्ये सात सात, नऊ नऊ विती. मग पाच, मग तीन. मध्याकडे नुसती बोटं. शेवटच्या खुणांवर खडूचं टोक ठेवायला जागा पुरेना. चार थांब्यांवर बहीण वितीवितीनं कमी होत गेली होती आणि धाकटीनं एकदाही विचारलं नव्हतं, आज किती झालं म्हणून.

दुसऱ्या दिवशी ती गोधडी घेऊन तळघरात गेली आणि जेवणाच्या सुट्टीत आपलेच टाके उसवायला बसली. इस्त्रीवाला बघत राहिला. तीस वर्षांत सरळरेघेनं स्वतःचा टाका उसवलेला त्यानं पाहिला नव्हता.

"काय बिघडलं?" त्यानं विचारलं.

"परत शिवायचं आहे. ताईनं शिवलं होतं तसं."

"वाकडं?"

"वाकडं. आणि डाव्या हातानं."

त्याच्या तोंडी विनोद आला असणार, पण त्यानं तो गिळला. कोपऱ्यातून फाटक्या चादरींचा गठ्ठा आणून तिच्यापुढे टाकला. "यावर गिरव आधी," म्हणाला.

तिनं महिनाभर गिरवलं. डावा हात काही केल्या ऐकेना. सुई निसटायची, बोटं रक्ताळायची, आणि जरा जमायला लागलं की टाका आपोआप सरळ पडायचा. वाकडं शिवणं इतकं अवघड असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. पण एकदा डावा हात सुईला सरावला तसा टाका उलट्या अंगाला कलला, आपसूक, थोरलीचा कलायचा तसा. धाकटीनं ती चादर तोंडाशी धरली, आणि तेव्हा कुठे तिला रडू आलं. इस्त्रीवाल्यानं पाठ फिरवून तीच उशीची खोळ तीनदा इस्त्री केली.

मग तिनं चौथी गोधडी घेतली. ठरवलं ते असं, की जुन्या भोकांतूनच जायचं, एका दिवसाला एकच खूण, जास्त नाही. खुणेशी पोचलं की गाठ मारायची, वर, कुणालाही लागेल अशी. पहिल्या दिवशी नऊ विती झाल्या. घड्याळात सहा वाजले होते. तिनं मुंगीला फोन लावला. गेले दोन महिने मुंगी फोन उचलत नव्हती. आज उचलला, पण बोलली नाही.

"आज नऊ विती," धाकटी म्हणाली. आणि घाईनं सगळं सांगितलं, भोकं, खडू, डावा हात, सगळं.

पलीकडे बराच वेळ डेपोतल्या गाड्यांचा आवाज येत राहिला. मग कागद उलटल्याचा आवाज आला.

"पहिल्या दिवशी नऊच होत्या," मुंगी म्हणाली. "उद्या सात." आणि फोन ठेवला.

असं सुरू झालं. रोज सहाला फोन, रोज एक आकडा. मुंगी कॅलेंडर बघायची आणि 'बरोबर' म्हणायची, मग उद्याचा आकडा सांगायची. पंधरवड्यानं ती 'जेवलीस का' म्हणाली. दुसऱ्या महिन्यात तिला सर्दी झाल्याचं तिनं आपणहून सांगितलं. तिसऱ्या महिन्यात म्हणाली, "पुरी झाली की मी न्यायला येईन." धाकटीनं त्या दिवशी तळघरात सगळ्यांना चहा पाजला. आकडे कमी होत चालले होते. ते पुढे कुठे जाणार आहेत ते दोघींना ठाऊक होतं, पण त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

चौथ्या महिन्यात एका संध्याकाळी धाकटीनं गाठ मारली, दोरा तोडला आणि फोन लावला. "आज दोन विती."

"बरोबर."

"उद्या किती?"

मुंगीनं पान उलटल्याचा आवाज आला. "उद्या काही नाही," ती म्हणाली. "सतरा तारखेपासून सोळा दिवस रिकामे आहेत. रोज फोन यायचा, पण म्हणायची, आज काही नाही गं, बोटं दुखतात. सोळा दिवस तिनं सुईच धरली नाही. मग परत सुरू केलं."

सोळा तारखेला कपडेखात्याचं बॉयलर बंद पडलं होतं.

गोधडीवर त्या सोळा दिवसांची खूण नव्हती. शिवलंच नाही तर भोक कुठून पडणार? एका खुणेपासून दुसरीपर्यंत कापड अगदी सलग होतं. धाकटी गप्प बसली असती तर खपून गेलं असतं. थोरलीनं काही सांगितलं नव्हतं, मुंगीला कळायला मार्ग नव्हता, आणि पोर न्यायला येणार होती. हे सगळं धाकटीच्या डोक्यातून गेलं. नाही कशाला म्हणायचं, गेलंच. पण मांडीवर ती गोधडी होती आणि बोटाखाली आजची ताजी गाठ लागत होती.

"तिची बोटं दुखत नव्हती," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"सोळा तारखेला मी आले होते ताईकडे. हीच गोधडी बघितली. मी म्हटलं, सोड आता, तुझ्या हातचं आता कुणी पांघरणार नाही. तिनं घडी करून ठेवून दिली. कामाचा रगाडा वगैरे काही नव्हतं. मला तोंड दाखवायची लाज वाटत होती, म्हणून मी आले नाही."

मागे कुठली तरी गाडी सुटायची घोषणा झाली. ती संपली. दुसरी झाली. मुंगीचा श्वास ऐकू येत होता, म्हणजे तिनं फोन ठेवलेला नव्हता.

"तिला वाटलं असेल मी पण पांघरणार नाही," मुंगी म्हणाली. "मी रोज विचारायचे, बोटांना मलम लावलंस का."

धाकटीनं सुई पुढच्या भोकात टोचून ठेवली.

"सतराव्या दिवशी एक वीत आहे," मुंगी कोरड्या आवाजात म्हणाली. "त्या दिवशी कर फोन. त्याआधी नको."

दुसऱ्या दिवशी धाकटी कामावरून आली, हातपाय धुतले आणि खिडकीशी बसली. गोधडी मांडीवर होती. पुढच्या भोकात सुई टोचून ठेवलेली, दोरा ओवलेला. डावा हात आता चांगला चालत होता, उजेडही भरपूर होता. सहा वाजले. तिनं फोनकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले. खालून बस गेली, मग दुसरी गेली. थोरलीची खोली इथून चार थांब्यांवर होती, आणि तेव्हाच्या त्या सोळाही दिवसांत बस चालू होत्या.